दळवी, पुन्हा पहिल्यांदा

गेले काही महिने मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारते आहे. मालवणच्या बाजारात बांगडे घेताना विचारते, वेंगुर्ल्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना विचारते, लग्नाच्या पंगतीत वाढपी येईपर्यंत पलीकडच्या पाटावर विचारते. जयवंत दळवी पुन्हा वाचलेत का हो? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "वाचलेत की, कॉलेजात असताना!" एवढं बोलून लोक मोकळे होतात. अहो, पण तेव्हा वाचले म्हणून काय झालं? पन्नाशी ओलांडून तीच पुस्तकं पुन्हा उघडा आणि मग मला सांगा! माझी तर झोप उडाली आहे. रात्री भांडी आवरून एक प्रकरण वाचू म्हणून बसते आणि पहाटे रापणीला जाणाऱ्यांची हाकाटी कानावर येते तेव्हा लक्षात येतं, की आपण अजून खुर्चीतच आहोत.

निमित्त जन्मशताब्दीचं झालं. दळवींचा जन्म १४ ऑगस्ट १९२५चा, आणि गाव आरवली, आमच्याच सिंधुदुर्गातलं, वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला शिरोड्याच्या अंगाला चिकटलेलं. शंभर वर्षं झाली म्हणून इथेतिथे त्यांचं नाव निघू लागलं, आणि मी वाचनालयातून 'सारे प्रवासी घडीचे' घरी आणलं. १९६४ सालचं पुस्तक. अकरावी-बारावीत असताना ते मी एका दुपारी पोटभर हसून वाचलं होतं, मैत्रिणींना त्यातले प्रसंग नकला करून दाखवले होते आणि परत करून टाकलं होतं. विनोदी पुस्तक, झक्कास, एवढीच त्याची नोंद माझ्या डोक्यात होती.

या वेळी एक फरक होता. आईच्या डोळ्यांना आता बारीक टाइप झेपत नाही. म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. ओटीवर ती झोपाळ्यावर, मी खाली चटईवर. लेखक कोण, तिने विचारलं. सांगितलं. "ह्यो आरवलेचो मां? मगे तेका आमचा सगळा म्हायत आसतलाच," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन ऐकायला बसली.

आणि मग काय सांगू! दुसऱ्या-तिसऱ्या पानापासूनच आई मला थांबवायला लागली. एक माणूस पुस्तकात आला, की तिला आमच्या वाडीतला त्याचा जोडीदार आठवायचा. पावटे मास्तर आले, तर तिच्या शाळेतले मास्तर आले, त्यांची छत्री आली, त्यांची उधारी आली. पुस्तकातल्या एका माणसामागे तिची दोन-दोन माणसं उभी राहत होती. ती हसत होती, मी हसत होते, शेजारची काकी कुंपणाजवळ येऊन उभी राहिली आणि तीही हसायला लागली. मी धापा टाकत थांबले, की आई लगेच ओरडायची, "थांबलंस कित्याक? वाच गो!"

कादंबरी म्हणावी तर त्यात सलग कथानक नाही. गाव आहे आणि गावातली माणसं आहेत. एक येतो, गोंधळ घालतो, बाजूला होतो, दुसरा येतो. कॉलेजात मी या माणसांच्या गमती वाचल्या होत्या. आता मोठ्याने वाचताना जीभच सांगायला लागली की इथे थांब. विनोदाचं वाक्य संपतं आणि त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात दळवी अगदी साध्या सुरात सांगून टाकतात, की या माणसाचं पुढे काय झालं. कोणी गाव सोडून गेला, कोणी खचला, कोणी गेला तो गेलाच. शोक नाही, उसासा नाही, एखादं जास्तीचं विशेषणसुद्धा नाही! पुस्तक पुढे सरकतं तशी माणसं कमी होत जातात. अखेरीकडे आईचं हसणं थांबलं. तिने मला थांबवणंही थांबवलं. पुस्तक मिटल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हेतूरले सगळे गेले गो." मला कळेना, ती पुस्तकातल्या माणसांबद्दल बोलते आहे की आमच्या वाडीतल्या.

त्या रात्रीच मी ठरवलं, सगळे दळवी पुन्हा वाचायचे. मालवणच्या वाचनालयातून, ओळखीपाळखीच्या कपाटांतून, पुण्याहून मुलाकरवी मागवून, मिळेल तिथून मिळेल ते पुस्तक मी गोळा करत सुटले.

'संध्याछाया' हाती आलं आणि माझं कौतुक भीतीत बदललं. हे नाटक १९७३ सालचं, विजया मेहतांनी बसवलेलं. नाना आणि नानी, मुंबईत राहणारं म्हातारं जोडपं. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा हवाई दलात. नाटकात काय घडतं, असं विचाराल तर बराच वेळ काहीच घडत नाही. दोघं वाट बघतात. पत्राची, फोनची, कोणाच्याही येण्याची. दारात कोणी आला, तर तो लवकर जाऊ नये म्हणून त्याला बोलण्यात गुंतवतात, चहा पुढे करतात, विषय संपला की दुसरा काढतात. तरुणपणी मी हे नाटक वाचलं तेव्हा मला त्या दोघांची दया आली होती, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही. आता मी त्याच जागी थबकले. कारण हे दृश्य मी रोज बघते! आमच्या गल्लीत गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या पोराला दारात उभं करून त्याच्या गावाची, आईची, लग्नाची चौकशी करणारे आजोबा आहेत. पोस्टमनला पन्हं देणाऱ्या आजी आहेत. कुरिअरवाल्याला "बस रे जरा, ऊन किती आहे" म्हणणारे निवृत्त मास्तर आहेत. पन्नास वर्षांपूर्वी दळवींनी मुंबईच्या एका घरात जे पाहिलं, ते आता आमच्या वाडी-वाडीत येऊन पोचलं आहे.

हा माझा भावनेचा उमाळा आहे असं वाटत असेल, तर जनगणनेचे आकडे बघा. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१मध्ये ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ८,४९,६५१. अख्ख्या महाराष्ट्राची वाढत असताना आमची घटली! मुलं मुंबईला, पुण्याला, गोव्याला, आखातात. चतुर्थीला दारं उघडतात, माटवी सजते, आरत्या होतात, मोदकांवर मोदक उठतात आणि गौरी-गणपती गेले की कुलपं. जे मागे राहतात ते नाना आणि नानी. 'संध्याछाया'चा शेवट मी इथे सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पण तो शेवट वाचून मी रात्रीच मुलाला फोन लावला, तो दचकला, म्हणाला काय झालं, आणि मला सांगता येईना.

आता इथून पुढे माझा जो मुख्य शोध आहे तो सांगते, आणि तो सांगताना मला खरंच धाप लागते. दळवींबद्दल आपण ठरावीक दोन गोष्टी ऐकत आलो. एक, ते विनोदी. दोन, ते वेड आणि वासना यांच्यावर लिहिणारे. मुलींच्या हातात देऊ नये असं म्हणून आमच्या लहानपणी काही घरांत त्यांची पुस्तकं वरच्या फळीवर असत. सगळं एका दमात पुन्हा वाचल्यावर मला दिसलं ते असं, की या माणसाचा खरा विषय भरल्या घरातलं एकटेपण आहे. विनोद, वेड, वासना हे सगळे त्याकडे जाणारे रस्ते. त्यांच्या पुस्तकांत रानावनात एकटा पडलेला माणूस क्वचितच भेटतो. माणसं घरात असतात, नात्यात असतात, गावात असतात आणि तरी कोणाला काही सांगता येत नाही. सारे प्रवासी म्हणताना त्यांनी माणसांना एका गाडीत बसवलं, पण प्रत्येकाची खिडकी वेगळी!

'बॅरिस्टर' घ्या. 'अंधाराच्या पारंब्या' या त्यांच्याच कादंबरीवरून त्यांनी १९७७मध्ये हे नाटक केलं. विलायतेहून शिकून आलेला, सुधारक विचारांचा माणूस, घराण्यात वेड आहे आणि ते एक दिवस आपल्यालाही गाठणार या धास्तीने पोखरलेला. शेजारी राहायला आलेल्या तरुण राधेचा नवरा मरतो आणि तिच्या केशवपनाची वेळ येते. पूर्वी वाचलं तेव्हा माझं सगळं लक्ष राधा आणि बॅरिस्टर यांच्यात काय होणार याकडे. या वेळी मावशीवरून नजर हलेना. बॅरिस्टरच्या घरात वावरणारी, डोकं बोडकं केलेली, आलवणातली मावशी. रंगभूमीवर विजया मेहतांनीच ती केली होती, आणि त्यावरच्या 'रावसाहेब' चित्रपटातही. माझ्या लहानपणी आमच्या आजोळच्या माजघरात अशीच एक आत्येआजी होती. तांबडं लुगडं, डोक्यावरून पदर घट्ट, दिवसभर फणसाच्या आठळ्या सोलणं, आमसुलं वाळवणं, कोकमं फोडणं. तिच्या हातचे पदार्थ आम्ही पोटभर खाल्ले. ती कोण, कधीपासून अशी, तिचं स्वतःचं नाव काय, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. दळवींनी विचारलं! मावशी बोलते तेव्हा ती बाई माजघरातून बाहेर येऊन उजेडात उभी राहते. मी पान मिटून आईला विचारलं, आत्येआजीचं नाव काय होतं गो? आईने सांगितलं. त्या नावाने तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

आणि गंमत अशी, की ठणठणपाळ या टोपणनावाने लिहिणाराही हाच माणूस! हेच मला पचत नाही. १९६४मध्ये 'ललित' मासिक सुरू झालं आणि त्यात 'घटका गेली, पळे गेली' या नावाचं सदर हा ठणठणपाळ जवळजवळ दोन दशकं लिहीत होता. वसंत सरवट्यांनी काढलेलं त्याचं चित्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्या डोळ्यांपुढून ते जात नाही. मराठी साहित्यातले बडेबडे, कवी, समीक्षक, प्रकाशक, संमेलनाध्यक्ष, सगळ्यांची त्याने टोपी उडवली आणि ज्यांची उडवली तेही पुढच्या अंकाची वाट बघत. मी 'निवडक ठणठणपाळ' पुन्हा वाचलं. त्यातल्या कित्येक माणसांची नावं आज नव्या वाचकाला ओळखीची नाहीत, वाद विसरले गेले, पण हसू येतं ते येतंच, कारण त्याचा नेम माणसाच्या मिरवण्यावर आहे, आणि मिरवणं कुठे जुनं होतं? शिवाय एक गोष्ट आता जाणवली. त्या थट्टेत कुठे विष नाही. ज्या डोळ्याने त्याने नाना-नानींचा केविलवाणा चहा पाहिला, त्याच डोळ्याने संमेलनाच्या मांडवातली धावपळ पाहिली. माणूस एकटा आहे, म्हणून तो मिरवतो, हे ज्याला कळलं त्याची थट्टा अशीच होणार.

'चक्र' मात्र दिवसाउजेडी वाचा. १९६३ची कादंबरी, मुंबईच्या झोपडपट्टीवरची. अम्मा, तिचा मुलगा बेन्वा, लुका. यावरच रवींद्र धर्मराजांनी हिंदी चित्रपट केला आणि अम्माच्या भूमिकेसाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोकणातून मुंबईला गेलेला हा माणूस, कचेरीत नोकरी करणारा, अमेरिकन माहिती केंद्रात वर्षानुवर्षं काम केलेला, तो झोपडपट्टीत शिरतो आणि तिथल्या माणसांना एका शब्दानेही उपदेश करत नाही! मी पुन्हा पुन्हा शोधलं. कुठेतरी लेखक मान डोलवत असेल, हळहळत असेल, वाचकाला डोळा मारत असेल. कुठेच सापडला नाही. 'महानंदा'मध्येही तसंच. भाविणीच्या घरात जन्मलेली मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला प्राध्यापक. हा विषय दुसऱ्या कोणी रडूनभेकून किंवा चवीने लिहिला असता. दळवींना देऊळ, देवळाभोवतीची घरं, त्या घरांतल्या बायकांचं जगणं सगळं आतून माहीत होतं, आणि माहीत असलेला माणूस आवाज चढवत नाही. 'पुरुष', 'सूर्यास्त', 'नातीगोती' यांच्याबद्दल मी आत्ता लिहीत नाही. लिहायला बसले तर हा अंक पुरणार नाही.

एवढं सगळं वाचून मला घरात बसवेना. गेले आरवलीला. मालवणहून परुळे, म्हापण, वेंगुर्ला, तिथून पुढे मोचेमाड, आणि मग उतारावर आरवली. रस्त्याला लागूनच वेतोबाचं देऊळ. गाभाऱ्यात उंचापुरा वेतोबा उभा, त्याला केळीचे घड वाहायचे आणि पायातल्या चपला. साध्या नव्हेत, हातभर लांबीच्या, जाड चामड्याच्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. मी त्या चपलांपुढे बराच वेळ उभी होते. एकीची टाच खरोखरच चपटी झाल्यासारखी दिसत होती, पट्ट्यावर कुणीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं. शेजारी एक बाई केळीचा घड खाली ठेवून देवाशी मालवणीत भांडत होती, अगदी घरातल्या वडीलधाऱ्याशी भांडावं तशी. दळवींच्या गावातला देवसुद्धा रात्री एकटाच फिरतो, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला.

या परिसराचाही मला अचंबा वाटतो. हाकेच्या अंतरावर शिरोडा. तिथल्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिकवत होते, तिथेच बसून त्यांनी आदर्शांची, ध्येयवादाची मोठी मोठी पुस्तकं लिहिली. १९३०मध्ये तिथेच मिठाचा सत्याग्रह झाला. याच वेंगुर्ले तालुक्यातले चिं. त्र्यं. खानोलकर, त्यांची 'कोंडुरा' १९६६ची, म्हणजे 'सारे प्रवासी घडीचे'नंतर अवघ्या दोन वर्षांनी. तीच तांबडी माती, तीच देवळं, तीच माणसं. खानोलकरांना त्यात अगम्य, काळोखं, अंगावर येणारं काहीतरी दिसलं. खांडेकरांना उंच आकाश दिसलं. आणि दळवींना दिसला शेजारच्या घरातला माणूस, उंबऱ्यावर बसलेला, आत जावं की बाहेर हे न कळणारा. तिघेही थोर. पण माझ्या वयाला, माझ्या ओटीला, माझ्या आईच्या झोपाळ्याला दळवी जवळचे, हे मी ठामपणे सांगते.

दळवींच्या कोकणात माड आणि समुद्र फार नाहीत, हेही या वाचनात लक्षात आलं. आज सिंधुदुर्ग म्हटलं की तारकर्ली, स्कुबा, किल्ला, सोलकढी, होम-स्टे. पाहुणे येतात, फोटो काढतात, जातात. येऊ देत, त्यावर कितीतरी घरं चालतात. पण त्या होम-स्टेच्या मागच्या खोलीत जी आजी बसलेली असते, तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर दळवींशिवाय दुसरा वाटाड्या मला तरी माहीत नाही. आमच्याकडे सुट्टीत आलेल्या एका कॉलेजच्या मुलीला मी जबरदस्तीने 'सारे प्रवासी' दिलं. दोन दिवस ती बीचवर गेलीच नाही! जाताना म्हणाली, मावशी, हे पुस्तक घेऊन जाऊ का? मी नाही म्हटलं, वाचनालयाचं होतं. पुण्याला पोचल्या पोचल्या तिने विकत घेतलं आणि मला फोटो पाठवला.

दळवी १६ सप्टेंबर १९९४ला गेले. म्हणजे आपल्याकडचे मोबाइल, व्हिडिओ कॉल, परदेशी मुलाचा रविवारचा ठरलेला अर्धा तास, यातलं काही त्यांनी पाहिलं नाही. तरी त्या अर्ध्या तासानंतर पडदा काळा झाल्यावर आई-बाप काय करतात, ते त्यांच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे.

तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही पूर्वी दळवी वाचले असतील तर पुन्हा वाचा, आणि वाचले नसतील तर मला तुमचा हेवा वाटतो. सुरुवात 'सारे प्रवासी घडीचे'पासून करा, शक्य असेल तर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवत. त्यानंतर ठणठणपाळ, म्हणजे पुढचं सोसायला बळ येईल. मग 'बॅरिस्टर', मग 'महानंदा'. 'चक्र' आणि 'संध्याछाया' एकापाठोपाठ एक वाचू नका, मध्ये चार दिवस जाऊ द्या. आणि ज्यांच्या घरी ही पुस्तकं कपाटात नुसती पडून आहेत, त्यांनी ती काढून, धूळ झटकून, गावच्या वाचनालयात नेऊन द्यावीत. आमच्याकडच्या प्रती वाचून वाचून सुट्या झाल्या आहेत, आणि माझ्यामुळे आता मागणी वाढली आहे.